खंडेनवमीचं तेल

सर, काल तुमचा फोटो लागला. आपल्या जुन्या प्रयोगशाळेत, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, जिथं माझं झीज मोजायचं मशीन असायचं. मशीन भंगारात गेलं, मी निवृत्त झाले, आणि त्या जागेवर आता तुम्ही हार घालून हसताय. तुम्ही फोटोसाठी कधी हसत नव्हता, म्हणजे हा कुठल्यातरी घोळक्यातून कापून काढलेला फोटो असणार. तुमच्या डाव्या खांद्याशी एका ओढणीचा तुकडा कात्रीतून सुटून राहिलाय. जांभळी, बारीक ठिपक्यांची. ती कुणाची हे मी दारातूनच ओळखलं. माझी नव्हे. मी ओढण्या घेत नसे आणि तुमच्या खांद्याशी उभी राहत नसे. ती तुमच्या कोडोलीच्या पोरीची. फोटोतसुद्धा ती तुमच्याशेजारी उरली, तर काल प्रयोगशाळेत फोटोची फीत कापायला दुसरं कोण येणार होतं?

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की या पिढीतल्या मास्तरांना तुम्ही फक्त एका पारितोषिकाचं नाव आहात. मला मात्र तुम्हाला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. त्या दसऱ्यानंतर मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून जे बोलले ते खरं होतं, हे तुम्हाला कधी कळलं होतं का? की तुमच्या लेखी मी शेवटपर्यंत एक जळकी बाईच होते? तुमच्या हयातीत हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. माझी. जिच्या जिभेला सगळं कॉलेज टरकून होतं तिची.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मी तुमच्याच विभागात शिकवत होते आणि तुमच्याच हाताखाली पीएचडी करणार होते. तुम्ही विभागप्रमुख. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत बोलले, कारण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला मोठ्या माणसांशी तसंच बोलायला शिकवलं होतं. तुम्ही उठून उभे राहिलात, “प्लीज सिट डाउन, मॅडम,” म्हणालात, आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलताना तुमच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलंच राहिलं. ती संशोधनाला आली तेव्हा तिनं दारातनंच विचारलं, “सर, आत येऊ न्हवं?” आणि तुम्ही म्हणालात, “ये की गं, तुला काय आवतण द्यायचं?” तुमचं गाव गगनबावड्याकडचं, तिचं कोडोली. मी कोल्हापुरात जन्मले, कोल्हापुरात वाढले, आणि माझ्याच शहरात तुम्ही दोघं मला पाहुणी करून टाकलंत.

काम तुमच्याच डोक्यातून निघालं होतं. शहराभोवतीच्या फाउंड्रीत लोखंड वितळवल्यावर वर जो मळ येतो, ज्याला सगळे स्लॅग म्हणतात, तो ट्रक भरभरून खड्ड्यांत टाकला जायचा. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख अशीच. तुम्ही म्हणालात, हे सगळं दळून, चाळून, प्लाझ्माच्या, म्हणजे प्रचंड तापलेल्या वायूच्या, झोतातून लोखंडावर मारायचं. नदीवरच्या शेतीपंपांचे पंखे गाळानं झिजतात, गंजतात, दर दोन पावसाळ्यांनी बदलावे लागतात. गावचा कचरा गावच्याच पंपाला चिलखत म्हणून चढवायचा. कल्पना सुंदर होती. आजही मी ती कुणाला खोडू देत नाही.

झोतातून कण कसा जातो हे तुम्ही आम्हाला फळ्यावर समजावलंत. धान्यासारखा दाणा आत जातो, वितळतो, थेंब होतो, लोखंडावर आपटून चपटा होतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग खडू खाली ठेवून तुम्ही तिच्याकडे बघितलंत. “भिंतीवर शेणी थापल्यागत बघ. मधी मधी भोकं ऱ्हात्यात का न्हाईत?” ती हसली, म्हणाली, “ऱ्हात्यात की. आमच्या आईच्या लई ऱ्हात्यात.” तुम्ही दोघं हसत राहिलात. मीही हसले, सर. मी आयुष्यात शेणाची एक गोवरी थापलेली नाही, पण कोटिंगमधल्या त्या भोकांवर जगात जे काही छापलं होतं ते मी वाचलेलं होतं, आणि ते तुम्ही मला विचारलं नाहीत.

कामाची वाटणी तुम्ही केलीत. मला झीज, तिला पाणी. माझ्या वाट्याला खोलीभर खरखर. कोटिंग चढवलेला नमुना फिरत्या चकतीवर दाबून धरायचा, तासन्‌तास घासू द्यायचा, आधी वजन, नंतर वजन. केसांत धूळ, कानांत घूं घूं. तिला आतली छोटी खोली, पडदे लावलेली, पंखासुद्धा बंद. तिथं ती नमुन्यावर पाण्याचा एक थेंब सोडायची आणि बाजूनं भिंगातून बघायची की तो पसरतो की अंग चोरून उभा राहतो. पसरला तर पाणी त्या भोकांतून खालच्या लोखंडापर्यंत जाणार, आतून गंज धरणार आणि आमचं चिलखत सालीसारखं निघणार. उभा राहिला तर पंप वाचला. कामं दोन्ही महत्त्वाची होती हे मला कळत होतं. पण येता-जाता तुम्ही तिच्या खोलीत डोकावायचात. माझ्या खोलीत यायचात ते आवाज कमी होतो का बघायला.

तुमच्या घरीसुद्धा तेच. मी आले की काकू मला बाहेरच्या खोलीत बसवायच्या, ट्रे यायचा, कपाखाली बशी आणि बशीखाली विणलेला रुमाल, आणि पोह्यांबरोबर चमचा देऊ का असं त्या मला दर वेळी विचारायच्या, जणू मी हातानं खाल्लं तर भिंत पडेल. ती मात्र चप्पल काढली की सरळ आत. स्वयंपाकघरातून तिचा आणि काकूंचा आवाज यायचा, खर्ड्याच्या मिरच्या तव्यावर परतल्याचा ठसका यायचा. मी बाहेर बसून भिंतीवरचे तुमच्या पूर्वजांचे फोटो बघायची. एकदा तुम्ही आतून ओरडून तिला सांगितलंत, भाकरी करपली बघ, आणि ती आतून म्हणाली, बोलत बसवायचं तुम्हीच आणि करपली म्हणायचं बी तुम्हीच. असं तुमच्याशी कुणी बोलू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पोहे निम्मे ठेवून उठले. ट्रे मात्र नीट झाकला. सिस्टरांनी शिकवलेलं कुठं जातंय.

आता खंडेनवमी. तो दिवस तुम्ही शिपायावर सोडायचा नाहीत. सगळ्या विभागांत मशिनांना हार घालून नारळ फुटायचे, पेढे वाटले जायचे, तासाभरात सगळे घरी. तुम्ही मात्र सकाळपासून बाह्या सरसावून असायचात. तुमच्या गावाकडं पाऊस असा की लोखंड उघडं ठेवलं तर आठवड्यात तांबूस पडतं, म्हणून घरातले विळे, कोयते, नांगराचा फाळ सगळं त्या दिवशी पुसून, तेलाचा हात फिरवून मगच पूजेला मांडायचं, अशी तुमच्या वडिलांची रीत होती. तुम्ही तीच प्रयोगशाळेत चालवलीत. मशीन, पाने, हातोडी, व्हर्नियर, सगळ्यांवरून खोबरेलाचं फडकं. त्या वर्षी पुण्याहून कोटिंग मारून आणलेले नवे नमुने आले होते. आम्हा दोघींचे. तुम्ही ते ताम्हणात मांडलेत, हळदकुंकू लावलंत, झेंडूची पाकळी ठेवलीत. त्याआधी त्यांच्यावरूनही फडकं फिरलं होतं. कडेच्या उघड्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून. मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही एकेक नमुना चिमटीत धरून असा पुसत होता की कुणी पोराचं तोंड पुसावं. मला त्यात काही गैर दिसलं नाही. तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

सुट्टी संपली आणि ती आतल्या खोलीतून पळत बाहेर आली. थेंब उभा राहिला होता. त्या आधीच्या नमुन्यांवर तो पसरायचा, या नमुन्यांवर मोत्यासारखा. तुम्ही जाऊन बघितलंत, मलाही बोलावलंत, भिंगातून दाखवलंत. अळवाच्या पानावरचं पाणी, तुम्ही म्हणालात. राखेचं प्रमाण वाढवल्याचा हा गुण, असं तुम्ही तिथल्या तिथं ठरवून टाकलंत, परिषदेला पाठवायचं ठरलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना राजाभाऊंच्या प्रसिद्ध गाडीवरची नव्हे, कोपऱ्यावरच्या त्या साध्या गाडीवरची भेळ तुमच्यातर्फे. ती भेळ खाताना तुम्ही तिच्या पाठीत धपाटा घातलात. माझ्या पीएचडीचा पहिला निष्कर्ष आला होता तेव्हा तुम्ही मला ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स, मॅडम’ म्हणाला होतात.

दुसऱ्या दिवशी मी माझे नमुने वजन करायला घेतले. पुण्याहून आले तेव्हा एकदा केलेलं होतं. अजून चकतीला लागलेसुद्धा नव्हते आणि सगळ्यांचं वजन थोडं थोडं वाढलेलं. सणाला माणसांचं वजन वाढतं, नमुन्यांचं वाढत नाही. एक नमुना मी नाकाशी नेला. खोबरेल. ती भोकं, ज्यांच्यावर तुम्ही दोघं हसला होतात, तेल पिऊन बसली होती. मी माझे नमुने अ‍ॅसिटोननं धुतले, वाळवले, वजन मूळ जागी आलं. म्हणजे तिचा मोती कोटिंगचा नव्हता, तुमच्या फडक्याचा होता.

मी तुमच्याकडे आले. खरं सांगते, येताना माझी चाल वेगळी होती. मला आनंद झाला होता. पण जळणाऱ्याला जे दिसतं ते खोटंच असतं असं कुठं लिहिलंय? मी सांगितलं की तिचे नमुने धुऊन पुन्हा मोजायला हवेत, त्यांना पूजेचं तेल लागलंय. तुमच्या खोलीत दोन लेक्चरर बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पेनाचं टोपण लावलंत, काढलंत. मग म्हणालात, “मॅडम, जळायला आपल्याकडं भट्टी आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?” ते दोघं हसले. मी ‘थँक यू, सर’ म्हणून बाहेर आले. थँक यू. त्याचा राग मला तुमच्या वाक्यापेक्षा जास्त येतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांनी तिनं स्वतःच नमुने धुतले, थेंब सपाट पसरला, आणि ती तुमच्या खोलीत जाऊन दार लावून बराच वेळ होती. सोमवारच्या बैठकीत तुम्ही उभे राहिलात आणि सांगितलंत की ते आकडे मागे घेतले आहेत, आणि ते या मुलीच्या प्रामाणिकपणामुळं. स्वतःचाच चांगला निष्कर्ष स्वतः मोडायला धाडस लागतं, म्हणालात. तेल कुणी लावलं यावर तुम्ही बोलला नाहीत. आधी कुणी सांगितलं यावरही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. एकच गोष्ट, सर. माझ्या तोंडून आली तेव्हा जळफळाट, तिच्या तोंडून आली तेव्हा धाडस. महिन्याभरानं तुम्ही तिला तुमचं पितळी भिंग देऊन टाकलंत, जे तुम्ही मला कधी हातात घेऊ दिलं नव्हतं. माझी पीएचडी झाली तेव्हा तुम्ही मला भिंतीवरचं घड्याळ दिलंत. त्यावर एका पतसंस्थेचं नाव होतं आणि खाली ‘सभासदांच्या सेवेत सदैव’. ते माझ्या स्वयंपाकघरात आहे. अजून चालतं, मेलं.

तुम्ही गेलात त्या दिवशीही ती आत होती, काकूंना धरून. मी बाहेर, चपलांच्या ढिगाशी, प्राध्यापक मंडळींबरोबर. माझे डोळे कोरडे होते असं नंतर कुणीतरी म्हणालं. म्हणू दे.

आणि आता कालचं. ती मोठी झाली आहे, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत मोठ्या खुर्चीवर आहे, केस पांढरे ठेवलेत, आणि बोलणं तेच. व्यासपीठावरून तिनं लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि तेलाची गोष्ट सांगितली. सगळी. फडकं, ताम्हण, मोती. लोक हसले. मग ती म्हणाली, “चूक मी पकडली न्हवती. मॅडमनी पकडली. त्यांनी सरांना सांगितलेलं मला कळलं, म्हणून मी नमुने धुतले. टाळ्या मला मिळाल्या. त्या आज त्यांना द्या.” सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मला काय वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? समाधान? सर, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हक्काची गोष्ट, आणि तीही मला तिच्या हातून, प्रसादासारखी, सगळ्यांसमोर. आता मोठ्या मनाची म्हणूनही तिचंच कौतुक. चहाच्या वेळी बायका मला सांगत होत्या, बघा किती चांगल्या आहेत त्या.

संध्याकाळी ती राजारामपुरीत माझ्या फ्लॅटवर आली. न सांगता. दारातनंच म्हणाली, “मॅडम, चिडलाय न्हवं?” मी म्हणाले, बस. बाहेरच्या खोलीत बसवलं, आणि ट्रे काढला. मुद्दाम. तिनं ट्रेकडं बघितलं आणि उठून माझ्यामागं स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मी चहा टाकला. मग मी तिच्याकडे पाठ करून विचारलं की त्या दिवशी दार लावून तुम्ही दोघं इतका वेळ काय बोलत होता. ती म्हणाली, मी सरांना तेच सांगत होते, हे आधी मॅडमनी सांगितलंय, बैठकीत त्यांचं नाव घ्या. मी विचारलं, मग? तुम्ही खुर्चीत मागं रेललात, डोळ्यांवरचा चष्मा काढलात, असं तिनं सांगितलं. मग तुमचंच बोलणं तिनं तुमच्याच बोलीत म्हणून दाखवलं. “म्हायती हाय मला. ती म्हणाली तवाच कळलं. पर तेल मी लावलंया. तुझ्यापुढं चुकलो तर काय न्हाय गं, तू घरची. तिच्यापुढं चुकायची मला लाज वाटती.”

चहा उतू गेला. मी गॅस पुसत राहिले. तिनं सांगितलं की तुम्ही तिच्याकडून वचन घेतलं होतं, हे मॅडमना सांगायचं नाही. तुम्ही गेल्यावरही काकूंसाठी तिनं ते पाळलं; काकू गेल्यावर ते पाळायचं कारण उरलं नाही, असं तिला वाटलं. म्हणजे इतकी वर्षं ते तिच्याकडे होतं. भिंग तिच्याकडे, भाकरी तिच्याकडे, पाठीतला धपाटा तिच्याकडे, आणि तुम्ही माझ्याबद्दल बोललेलं एकुलतं एक वाक्य, जे माझं होतं, ज्यात तुम्ही मला ‘त्या मॅडम’ न म्हणता ‘ती’ म्हणालात, तेसुद्धा तिच्याकडे. मी घरची नव्हते म्हणून तुम्हाला माझ्यापुढं लाज वाटली. मला राग यायला हवा. येतोच आहे. मी त्या बाहेरच्या खोलीत रुमालावरच्या बशीपुढं बसून ज्याची वाट बघत होते ते तुम्ही आतल्या कुणाला तरी सांगून मोकळे झालात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलेलं. काकूही आता नाहीत, घर विकलं गेलं. फक्त एवढं सांगून थांबते. ती वाक्य म्हणाली तेव्हा माझ्या फ्लॅटखालचा शिकवणीचा क्लास सुटला होता, पोरं गाड्या सुरू करत होती. मी तिला म्हणाले, काही ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, सर. खालच्या गाड्या निघून गेल्यावर मी तिला तिसऱ्यांदा विचारलं.